दुसरी पिढी, नक्कल आणि कादंबऱ्या: 'भारतीय' होऊन दाखवायची सक्ती कोण करतं?

अबोली

एम.ए.च्या वर्गाला स्थलांतरितांच्या साहित्याचा पेपर शिकवते. उत्तरपत्रिकांत एक वाक्य हटकून येतं: 'दुसऱ्या पिढीतली मुलं गोऱ्यांची नक्कल करतात आणि त्यात त्यांची ओळख हरवते.' वाक्य गाइडातलं आहे, त्यामुळे मुलांना दोष देत नाही. पण ज्या कादंबऱ्यांबद्दल ते लिहिलेलं असतं, त्यातल्या बऱ्याचशा नेमकं उलटं सांगतात असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा. (पुढे कथानकं उघड होतील. ज्यांना वाचायची आहेत त्यांनी आधी वाचून या.)

हनीफ कुरेशींची 'द बुद्धा ऑफ सबर्बिया' (१९९०) घेते. करीम आमिर दक्षिण लंडनच्या उपनगरात वाढलेला सतरा वर्षांचा मुलगा. काळ १९७० च्या दशकातला. आई इंग्रज, वडील हारून मुंबईहून आलेले. पहिल्याच वाक्यात तो सांगतो की मी जन्माने आणि वाढीने इंग्रज आहे, जवळजवळ. भारत त्याने पाहिलेला नाही, तिथली कुठलीच भाषा त्याला येत नाही. त्याला नट व्हायचंय. शॅडवेल नावाचा दिग्दर्शक त्याची चाचणी घेतो आणि सुरुवातीलाच पंजाबी की उर्दूत दोन वाक्यं टाकतो. त्याला वाटतं, आता सत्यजित रे किंवा टागोरांवर छान गप्पा रंगतील. करीमला ओ की ठो कळत नाही. शॅडवेल त्याला तोंडावर सांगतो: लोक तुझ्याकडे बघून म्हणत असतील, किती वेगळा मुलगा, आता मावश्या-आत्यांच्या आणि हत्तींच्या गोष्टी ऐकायला मिळणार, आणि तू निघालास ऑर्पिंग्टनचा!

करीमला काम मिळतं ते मोगलीचं. (किपलिंग १८६५ साली जन्मले ते मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. म्हणजे नाटकामागच्या पुस्तकाचा लेखक मुंबईत जन्मलेला इंग्रज आणि मोगली करणारा मुलगा लंडनमध्ये जन्मलेला मुंबईकराचा पोरगा.) त्याला लंगोटी नेसवतात. कातडी पुरेशी सावळी दिसत नाही म्हणून अंगभर तपकिरी रंग फासतात. मग दिग्दर्शक म्हणतो, आता बोलणंही भारतीय हवं. करीम विरोध करतो, हातापाया पडतो. उत्तर असं मिळतं की तुला घेतलंय ते अस्सल म्हणून, अनुभवी नट म्हणून नव्हे.

या प्रसंगात नक्कल कुठली ते बघा. करीमचं दक्षिण लंडनचं इंग्रजी ही नक्कल नाही, ती त्याची मातृभाषा आहे, शब्दशः. त्याला नक्कल करायला लावली जाते ती 'भारतीया'ची. आणि तो भारतीयही इंग्रजांच्या डोक्यातला. करीमने त्याला कधी पाहिलेलंच नाही.

साहित्यसमीक्षक होमी भाभा (अणुशास्त्रज्ञ ते वेगळे) मुंबईचे, एल्फिन्स्टनचे. नकलेवरचा त्यांचा गाजलेला निबंध १९८४ चा, पुढे 'द लोकेशन ऑफ कल्चर' (१९९४) मध्ये आला. त्यात डोळ्यांसमोर आहे तो वसाहतीतला शिकलेला माणूस: मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणातला, रक्ताने भारतीय आणि अभिरुचीने इंग्रज असा वर्ग. साहेबासारखा होऊ बघणारा, साहेब होऊ न दिला जाणारा. नायपॉल यांच्या 'द मिमिक मेन' (१९६७) मधल्या, कॅरिबियन बेटावर वाढलेल्या राल्फ सिंगला हे माप चपखल बसतं, कारण त्याच्यापुढे एक मूळ प्रत होती: दूरचं, पुस्तकातून शिकलेलं इंग्लंड. दुसऱ्या पिढीच्या पायाखालची जमीनच इंग्लंड आहे. त्यांना दूरचा आहे तो भारत. मापाची दिशाच फिरते, आणि आपण मात्र तीच पट्टी लावून 'गोऱ्यांची नक्कल' म्हणत राहतो.

तर माझा प्रश्न: या मुलांकडून 'भारतीय' होऊन दाखवण्याची मागणी नक्की कोण करतं? कादंबऱ्यांतली उदाहरणं द्या, अनुभव असतील तर तेही लिहा.

---

टेम्सकाठी

फार गरजेचा विषय काढलात. 'बुद्धा' मी इथे आल्यावर वाचली, पुस्तकातल्या त्याच उपनगरांतून रोज लोकल पकडत.

एक मुद्दा जोडते. मागणी करणारे फक्त गोरे दिग्दर्शक नाहीत. करीमचे वडील हारून बघा. सरकारी कचेरीत कारकून. इतकी वर्षं चारचौघांत वेगळं दिसू नये म्हणून इंग्रजांसारखं बोलण्याची धडपड केलेली. मग लोकांच्या दिवाणखान्यांत योग आणि ध्यान शिकवायला लागल्यावर तेच गृहस्थ आपला भारतीय हेल मुद्दाम वाढवून बोलायला लागतात, कारण आता गिऱ्हाईक त्या हेलाला आहे. करीम ते दाराआडून ऐकतो. म्हणजे भारतीय असणं ही करून दाखवायची गोष्ट आहे, हा धडा पोराला शॅडवेलच्या आधी घरातच मिळालेला आहे. आणि तेच वडील नंतर मोगलीचा प्रयोग बघून किपलिंगवर आणि पोरावर उखडतात!

दुसरं, चंगेझ. हारूनचा मित्र अन्वर आपल्या मुलीने, जमीलाने, ठरवलेलं लग्न करावं म्हणून उपोषणाला बसतो आणि मुंबईहून जावई आणतो, तोच हा चंगेझ. जावयाची मागणी काय? थंडीचा उंची कोट, रंगीत टीव्ही आणि कॉनन डॉयलचं समग्र साहित्य. 'अस्सल' मुंबईकर येतो तो डोक्यात शेरलॉक होम्सचं लंडन घेऊन. पुढे करीमला एका मोठ्या नाटकमंडळीत घेतात. पाइक नावाचा दिग्दर्शक सांगतो, तुझ्या पार्श्वभूमीतलं, कुणीतरी काळं पात्र उभं कर. करीम आधी अन्वर उभा करतो. मंडळीतली ट्रेसी, जी स्वतः काळी आहे, खडसावते: आपल्या लोकांना असं हास्यास्पद दाखवतोस? मग तो चंगेझकडे वळतो. चंगेझने त्याला आधीच बजावलेलं असतं की माझ्यावर काही करायचं नाही. प्रयोग झाल्यावर चंगेझ भेटतो आणि मनापासून म्हणतो, बरं झालं तू स्वतःवरच बेतलंस, माझ्या पात्रात शिरायचा प्रयत्न केला नाहीस!

ही जागा मला संपूर्ण पुस्तकात सगळ्यात मोलाची वाटते. ज्याची नक्कल केली त्याला त्यात तो स्वतः दिसत नाही, नक्कल करणाराच दिसतो. लोक याला विनोदी प्रसंग म्हणून सोडून देतात. मला तिथे करीमबद्दल फार वाईट वाटतं आणि त्याच वेळी तो नट म्हणून पहिल्यांदा खरा वाटतो.

माझी लेक इथल्या एका नाट्यसंस्थेत चाचणीला गेली होती. तिने तयार केलेला उतारा शेक्सपिअरचा. तो ऐकून झाल्यावर विचारलं, 'आता तुझ्या आजीसारखं बोलून दाखवशील?' आजी तिची मिरजेची, इंग्रजी बोलतच नाही. पोरीने सरळ मराठीत दोन वाक्यं म्हटली. त्यांना ते नको होतं. त्यांना मोडकं इंग्रजी हवं होतं.

---

सह्यकडा

अबोलीताई, मांडणी चांगली आहे पण एकांगी वाटते. सोयीचं पुस्तक निवडलंत. झुंपा लाहिरींच्या 'द नेमसेक'चं (२००३) काय? अमेरिकेत वाढलेला बंगाली घरातला गोगोल गांगुली अठराव्या वर्षी नाव बदलून निखिल होतो. पुढे गोऱ्या प्रेयसीच्या, मॅक्सीनच्या, आईवडिलांच्या न्यूयॉर्कमधल्या घरात राहायला जातो, त्यांच्यासारखं खातो-पितो, त्यांच्या न्यू हॅम्पशरच्या तळ्याकाठच्या घरी सुट्टी काढतो. त्या दिवसांत स्वतःच्या घरचे फोनसुद्धा त्याला नकोसे असतात. ही गोऱ्यांची नक्कल नाही तर काय आहे?

झेडी स्मिथ यांच्या 'व्हाइट टीथ'मधला (२०००) माजिद तर नऊ वर्षांचा असताना शाळेतल्या बुद्धिबळाच्या मित्रांना आपलं नाव मार्क स्मिथ सांगतो. पोरं दारात येऊन विचारतात, मार्क आहे का? बाप समद इक्बाल खवळतो. यात 'भारतीय व्हा' असं कुणीही सांगितलेलं नाही. पोरालाच मार्क व्हायचंय. गाइडातलं वाक्य अगदीच खोटं नाही.

आणि सरळच विचारतो. गोगोलसारख्या येल, कोलंबियात शिकणाऱ्या मुलांची ही दुःखं आपण इतकी कवटाळून का बसायची?

---

अबोली

सह्यकडा, माजिदची गोष्ट पुढे वाचा. बाप त्याला 'अस्सल' व्हावा म्हणून बांगलादेशात पाठवतो. तिथून तो परततो तो इंग्रजांहून इंग्रज होऊन. आणि लंडनमध्येच राहिलेला त्याचा जुळा भाऊ मिलात कडव्या धार्मिक गटात जातो. तिथेसुद्धा गँगस्टरपटांतले हिरो त्याच्या अंगातून जात नाहीत. बापाने मूळ प्रत आणायला जिथे पाठवलं तिथे ती नव्हतीच. माझ्या मुद्द्याला हे मारक नाही, पूरकच आहे.

गोगोलबद्दल मात्र तुमच्याशी थोडं भांडायचंय. मॅक्सीनच्या घरात तो कशाच्या प्रेमात पडतो? रॅटलिफ मंडळींचा निवांतपणा, पैशाने आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच देशात राहिल्याने येणारी ती खात्री. आयोवातून न्यूयॉर्कला आलेला एखादा गोरा मुलगाही तिथे असाच भाळला असता. त्याला आपण 'सांस्कृतिक नक्कल' म्हटलं नसतं, तो वर चढतोय म्हटलं असतं. गोगोल सावळा आहे म्हणून त्याचं तेच वागणं आपल्याला द्रोह वाटतं. वडील गेल्यावर मॅक्सीन म्हणते, या सगळ्यातून जरा बाहेर पडलास तर बरं वाटेल. तो म्हणतो, मला बाहेर पडायचं नाहीये. हे म्हणायला त्याला कुणी शिकवलेलं नाही.

येल-कोलंबियाबद्दल: गार्डनस्टेट, तुम्ही तिकडचेच ना? तुम्ही लिहा.

---

गार्डनस्टेट

लिहितो. न्यू जर्सीत आहे, मंडळाच्या मराठी शाळेत रविवारी शिकवतो.

ही पात्रं येलमध्ये का असतात त्याला कारण कायद्याचं आहे. अमेरिकेने १९६५ मध्ये इमिग्रेशनचा कायदा बदलला, देशवार कोटा काढला आणि शिकलेल्यांना दार उघडलं. त्यानंतर आले ते डॉक्टर, इंजिनिअर, पीएचडीवाले. गोगोलचे वडील अशोक तसेच: एमआयटीत संशोधन, मग प्राध्यापकी. ब्रिटनमध्ये १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या लोकांना येता येत होतं. गिरणी, फाउंड्री, बस, दुकान, कचेरी अशी कामं करणारी माणसं आली, आणि १९६२ पासून दारं बंद व्हायला लागली. १९६८ मध्ये खासदार इनॉक पॉवेल यांचं स्थलांतरितांविरुद्धचं ते कुप्रसिद्ध भाषण झालं, रस्त्यावर नॅशनल फ्रंट हा वर्णद्वेषी पक्ष होता. त्यामुळे करीमच्या पुस्तकात मारहाण आहे, गोगोलच्या पुस्तकात नाही. करीमचा धाकटा भाऊ अमर स्वतःला अ‍ॅली म्हणवतो तो कटकट टळावी म्हणून. गोगोल निखिल होतो ते मात्र वडिलांनी ठेवलेल्या रशियन नावापासून सुटायला, आणि बदलून घेतलेलं नाव चक्क बंगाली आहे! सह्यकडा, हे तुमच्या यादीत बसत नाही.

पण मला दुसरंच सांगायचंय. 'नेमसेक'ची सुरुवात आठवा. अमेरिकेतलं केंब्रिज, १९६८ चा ऑगस्ट, गोगोलच्या आईचे, आशिमाचे, दिवस भरत आलेले. स्वयंपाकघरात उभी राहून ती वाडग्यात राइस क्रिस्पीज, प्लँटर्सचे खारे दाणे आणि चिरलेला लाल कांदा कालवते आहे. कोलकात्याच्या रस्त्यावर मिळणाऱ्या झालमुरीसारखं काहीतरी. त्यात मीठ, लिंबू, मिरची घालते, आणि मोहरीचं तेल हवं होतं म्हणून हळहळते. गोगोल जन्मायच्या आधीच घरात नक्कल सुरू झालेली आहे, आणि ती करणारी पहिली पिढी आहे. मुलांना 'मूळ' म्हणून जे मिळतं ते हे वाडगं.

आता आमचं. गणपतीत मुलांचा कार्यक्रम असतो. दरवर्षी कोळीनृत्य बसवतात. मुलांना टोप्या, मुलींना गुडघ्यापर्यंत लुगडी. बसवणाऱ्या ताई डोंबिवलीच्या बँकवाल्या घरातल्या, कोळीवाड्यात कधी गेलेल्या नाहीत. मी एकदा विचारलं, लहानपणी तुम्ही हे करायचात का? म्हणाल्या, छे, आम्ही स्नेहसंमेलनात इंग्रजी नाटुकलं करायचो! म्हणजे आईने जे कधी जगलं नाही ते लेकीने अस्सल म्हणून करून दाखवायचं. लेक करते, मनापासून करते, तिला त्यात मैत्रिणी मिळतात. यात वाईट काही नाही. पण त्याच लेकीने त्याच आठवड्यात शाळेत हिपहॉप केलं की घरी कुजबुज: 'त्यांची नक्कल करते.' ताईंच्या लेकीसाठी कोळीनृत्य आणि हिपहॉप दोन्ही वर्गात शिकलेले नाच आहेत. एकाला संस्कार म्हणायचं आणि दुसऱ्याला नक्कल, हा निवाडा आमचा, तिचा नाही.

---

जुनी_पेठ

गार्डनस्टेट, कोळीनृत्याचं अगदी पटलं.

मराठीत या विषयावर दुसऱ्या पिढीच्या बाजूने लिहिलेलं फार काही हाताला लागत नाही याची मला खंत आहे. परदेशस्थ मराठी लेखकांच्या कथांत मुलं येतात ती आईवडिलांच्या नजरेतून. मुलगा उशिरा घरी येतो, मुलगी मित्राची ओळख करून देते, आणि कथा आईच्या मनात घडते. मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला कळत नाही, कारण तो लिहील तेव्हा इंग्रजीत लिहील. त्या पुस्तकांचे मराठी अनुवाद व्हायला हवेत आणि ते परदेशी गेलेल्या मुलांच्या इथल्या आजी-आजोबांनी वाचायला हवेत. आमच्या सोसायटीत अशी घरं कितीतरी आहेत. मे महिन्यात नातवंडं येतात आणि 'काय गं, मराठी बोलून दाखव की' असा आग्रह सुरू होतो. पाहुण्यांसमोर उभं करून. हा प्रकार शॅडवेलपेक्षा फार वेगळा नाही हे धागा वाचताना जाणवलं.

---

थंडगार

मी इथे नेहमी फक्त वाचते. आज लिहिते. मी टोरांटोत जन्मले. माझ्या मराठीत चुका असतील.

तुम्ही सगळे छान लिहिता. पण 'दुसरी पिढी' म्हणून आमच्याबद्दल असं बोलता की आम्ही खोलीत नाही.

नेमसेकमध्ये एक जागा आहे. गोगोल कॉलेजमध्ये एका परिसंवादाला जातो, कारण वक्त्यांत एक लांबचा भाऊ असतो. तिथे सांगतात की तुमच्यासारख्यांना एबीसीडी म्हणतात: अमेरिकेत जन्मलेले गोंधळलेले देशी. गोगोलला पहिल्यांदा कळतं की आपल्याला असं नाव आहे. त्याला कंटाळा येतो, तो तिथे बसून वक्त्यांची चित्रं काढतो की काय असं काहीसं, मला नक्की आठवत नाही, पण त्याला ते आपलं वाटत नाही. ते वाचून मला खूप बरं वाटलं होतं. मला कधीच गोंधळलेलं वाटलं नाही. मला गोंधळलेले वाटतात ते मला बघणारे लोक.

युनिव्हर्सिटीत मुंबईहून आलेली मुलं होती. त्यांना माझं मराठी ऐकून हसू यायचं. मी भरतनाट्यम करते, मंगळवारी उपवास करते, हे कळल्यावर म्हणाली, तुम्ही लोक आमच्यापेक्षा जास्त भारतीय असल्याचं दाखवता. आणि तिथल्याच गोऱ्या मैत्रिणी म्हणायच्या, तू तर अगदी आमच्यासारखीच आहेस. दोघांनाही वाटायचं मी काहीतरी करून दाखवते आहे.

लहान असताना मी मराठी बोलायचे नाही. कळायचं सगळं. मोठी झाल्यावर शिकले, आजीशी बोलायचं होतं म्हणून. शिकले कशी? मालिका बघून. त्यामुळे माझ्या बोलण्यात मालिकेतल्या सासवांचे शब्द येतात. मी रागावले की 'या घरात हे चालणार नाही' असं म्हणते. आई म्हणते, असं आपल्या घरात कुणीच कधी बोललं नाही. खरं आहे. पण आता एक जण बोलतं. मी बोलते. आजीलाही ते चालतं.

'बुद्धा'मध्ये अन्वर मरतो तेव्हा करीम अंत्यविधीला उभा असतो. तिथल्या भारतीयांकडे बघून त्याला वाटतं की हे माझे लोक आहेत आणि मी आयुष्यभर हे टाळत आलो. मग तो म्हणतो की मला भारतीय भूतकाळ हवा असेल तर तो मलाच तयार करावा लागेल. वडिलांनी तो दिलेलाच नाही. अबोलीताई, तुम्ही विचारलंत मागणी कोण करतं. सगळे करतात. पण करीम तिथे स्वतः मागतो. तेही लिहायला हवं. मी पण मागितलं. मला कुणी सक्ती केली नव्हती.

---

अबोली

थंडगार, तुमच्या मराठीत दुरुस्त करावं असं मला काही दिसलं नाही. अंत्यविधीचा तो परिच्छेद मी वर्गात घेते तो प्रायश्चित्ताचा क्षण म्हणून नव्हे, कामाला सुरुवात म्हणून. त्याच सुमारास करीम चंगेझचं पात्र उभं करतो आहे: त्याच्याकडे बघत बसतो, चालतो कसा, बसतो कसा, हात कसा धरतो. मोगली त्याच्या अंगावर फासला होता. चंगेझ तो स्वतः, निरखून, कष्टाने करतो. दोन्ही वरवर नक्कलच. पण एकीत माणूस समोर आहे, दुसरीत माणूसच नाही. तुमच्या मालिका दुसऱ्या प्रकारच्या असल्या तरी तुम्ही त्या नेल्यात आजीपर्यंत. तिथे समोर माणूस होतं.

---

पारसिक_हिल

दोन गोष्टी.

'नेमसेक'वर मीरा नायर यांनी चित्रपट काढला (२००६). त्यात गोगोल झालेला काल पेन हा न्यू जर्सीतच जन्मलेला, मूळ नाव कल्पेन मोदी. त्याने स्वतः सांगितलंय की नाव असं तोडून लिहिल्यावर चाचण्यांना बोलावणी वाढली. आणि मग २००२ च्या एका विनोदी सिनेमात त्याला भूमिका मिळाली ती कसली? ताज महल बदलंदाबाद नावाच्या परदेशी विद्यार्थ्याची, जाड भारतीय हेल काढून बोलणाऱ्या. दारातून आत जायला नाव कमी भारतीय हवं आणि आत गेल्यावर बोलणं जास्त भारतीय हवं. कुरेशींनी बारा वर्षं आधी लिहिलं होतं ते असं घडलं. त्याच माणसाने नाव बदलणारा गोगोल करावा, याने मला तो सिनेमा बघताना फार हलवलं.

दुसरी, गौतम मलकानी यांची 'लंडनस्तानी' (२००६). हाउन्सलोतली देशी पोरं, त्यांची गाड्या-मोबाइल-मारामाऱ्यांची दुनिया, पंजाबी आणि लंडनची बोली मिसळलेली भाषा. निवेदक जस. या टोळीत आपण कमी पडतो म्हणून सतत धडपडणारा, त्यांच्यासारखं बोलायचा सराव करणारा. शेवटच्या पानांवर कळतं की जस म्हणजे जेसन, गोरा इंग्रज मुलगा! काही समीक्षकांना हा शेवट चलाखी वाटला. मला वाटत नाही. पान मागे उलटून वाचलं की दिसतं, लेखकाने कुठेही खोटं सांगितलेलं नाही, आपणच धरून चाललो होतो. करीमला भारतीयाची नक्कल करायला लावली त्यानंतर तीसेक वर्षांनी त्याच लंडनच्या कडेला गोरं पोरगं स्वखुशीने देशी व्हायला बघतं. कारण त्या शाळेत, त्या रस्त्यावर, दरारा देशी पोरांचा आहे.

'बुद्धा'तला गोरा चार्ली आठवा. उपनगरातला, साहेबी बोलतो म्हणून लहानपणी चिडवून रडवलेला मुलगा. रॉक गायक होऊन न्यूयॉर्कला गेल्यावर तो खास लंडनच्या वस्तीतल्या ढंगात बोलायला लागतो. इंग्रजपण विकतो आणि चांगला पैसा करतो. नकलेची चर्चा आपण फक्त सावळ्या पात्रांपुरती का ठेवतो?

---

सह्यकडा

चार्ली मी विसरलोच होतो. हा मुद्दा बिनतोड आहे.

पण मग एक पाऊल पुढे जाऊन विचारतो, कारण मला हे टोचतं. कादंबरीसुद्धा एक रंगमंचच आहे ना? इंग्रजी प्रकाशक या लेखकांकडून काय मागतो? मसाल्याचा वास, ठरवलेलं लग्न, विमानतळावरचे निरोप. मुखपृष्ठावर साडीचा काठ किंवा मेंदीचा हात. करीमला शॅडवेलने जे सांगितलं तेच या लेखकांना बाजार सांगत असणार.

---

टेम्सकाठी

सांगतोच. आणि म्हणून लाहिरींनी पुढे काय केलं ते महत्त्वाचं. १९९९ च्या पहिल्याच कथासंग्रहाला २००० चं पुलित्झर, मग 'नेमसेक', सगळं यश पदरात. २०१२ मध्ये त्या कुटुंबासह रोमला राहायला गेल्या आणि चक्क इटालियनमध्ये लिहायला लागल्या. २०१५ चं 'इन आल्त्रे पारोले', मग २०१८ ची कादंबरी, जिच्यात शहराला नाव नाही, बाईला नाव नाही, ती कुठल्या देशातली हेही सांगितलेलं नाही. बंगाली ही आईवडिलांनी मागितलेली भाषा, इंग्रजी ही शाळेने मागितलेली. इटालियन कुणीच मागितली नव्हती.

पुष्कळांना हा पळ वाटला. मला त्यात धाडस दिसतं. पन्नाशीजवळ आलेली, नावाजलेली लेखिका मुद्दाम अशा भाषेत जाते जिथे तिचं प्रत्येक वाक्य शिकाऊ असणार आहे. तिथे ती नवखी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि अस्सल असण्याची अपेक्षा कुणाचीच नाही.

कादंबरी म्हणून ते इटालियन पुस्तक मला 'नेमसेक'इतकं भिडलं नाही, हेही सांगते. राइस क्रिस्पीजचं वाडगं त्यात नाही आणि मला त्याची उणीव जाणवली. हा कदाचित माझ्यातला शॅडवेल. पण वाचक म्हणून जे वाटलं ते वाटलं.

---

गार्डनस्टेट

इतक्या चर्चेनंतर एक विनंती. रविवारच्या शाळेतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर यातलं काय वाचता येईल? 'बुद्धा'त लैंगिक प्रसंग बरेच आहेत, तिथल्या पालकांसमोर मला ते रेटता येणार नाही. 'नेमसेक' त्यांना संथ वाटेल.

---

थंडगार

जीन लुएन यांग यांचं 'अमेरिकन बॉर्न चायनीज' घ्या. २००६ चं आहे, चित्रकादंबरी. मी चौदाव्या वर्षीच वाचलं. भारतीय नाही, पण आमच्या वर्गात सगळ्यांना ते आपलंच वाटलं.

त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या चालतात. एक वानरराजाची, जुन्या चिनी कथेतली. दुसरी जिन वांग या शाळकरी मुलाची. तिसरी डॅनी या गोऱ्या मुलाची, ज्याच्याकडे दरवर्षी चिन-की नावाचा चुलतभाऊ येतो. चिन-की म्हणजे चिनी लोकांबद्दलच्या जितक्या घाणेरड्या कल्पना आहेत तितक्या सगळ्या एका माणसात: वेणी, पुढचे दात, तसलं इंग्रजी. वाचताना लाज वाटते, वाटायलाच हवी. शेवटी तिन्ही गोष्टी एक होतात. डॅनी हा खरं तर जिनच असतो. आणि चिन-की कोण ते मी सांगत नाही, मुलांना शोधू दे.

एक सुचवू? वाचून झाल्यावर त्यांना 'यातून काय शिकलात' विचारू नका. चिन-की तुमच्या घरी आला असता तर त्याचं नाव काय असतं, कसा बोलला असता, ते लिहायला सांगा. मराठीत नको, ज्या भाषेत येईल त्या भाषेत. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी हे करून घेतलं होतं. कुणी काय लिहिलं ते घरी दाखवायचं नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून सगळ्यांनी खरं लिहिलं.

---

गार्डनस्टेट

पुढच्या सत्राला हेच घेतो. लिहिलेलं घरी दाखवायचं नाही ही अट पालकांना आधी पत्राने कळवावी लागेल. मसुदा करून इथे टाकतो, सगळ्यांनी बघा.